खेळणें कोणासाठीं?

देणगी घेणाऱ्याला तिची पारख करतां येत नसेल, तर देणाऱ्याची जबाबदारी कमी होते कीं वाढते? प्रश्न तर्कशास्त्राच्या वर्गांतला वाटेल. परंतु बारशाच्या किंवा पहिल्या वाढदिवसाच्या निमित्तानें तो प्रत्येक सुशिक्षित घराच्या उंबऱ्याशीं येऊन उभा राहतो. दिवाणखान्याच्या पडद्यांशीं जुळणारीं फिक्या करड्या रंगाचीं खेळणीं, मिशीच्या आकाराच्या चोखण्या, मोठ्यांच्या थट्टेचीं वाक्यें छापलेलीं झबलीं, अशा नामी भेटींचा ढीग पडतो. त्या पाहून हंसतात ते पाहुणे. मूल वेष्टणाच्या कागदाशींच रमतें.

या निवडींत मुलाची रुचि कितपत असते? नवजात अर्भकाला सुमारें २० ते ३० सेंटिमीटरांपर्यंतचेंच त्यांतल्या त्यांत स्पष्ट दिसतें. म्हणजे दूध पाजणाऱ्या आईच्या मुखापर्यंतचें. गडद व फिक्या रंगांतील ठळक भेदच त्याच्या डोळ्यांस प्रथम जाणवतो. तेव्हां करड्या रंगाची सुरुचि ही आईबापांची होय, बाळाची नव्हे.

मोठ्यांनीं आपली सोय पाहावी, ही गोष्ट कांहीं आजची नाहीं. ॲरिस्टॉटलनें 'पॉलिटिक्स' या ग्रंथांत आर्किटासच्या खुळखुळ्याची वाखाणणी केली आहे, ती त्याच्या नादांत मुलें घरांतील वस्तू फोडीत नाहींत म्हणून! याच्या उलट, १८३७ सालीं जर्मनींतील ब्लांकेनबुर्ग येथें बालशिक्षणाचें कार्य आरंभणाऱ्या फ्रोबेलनें आपल्या खेळण्यांना 'देणग्या' असेंच नांव दिलें. पहिली देणगी लोकरीच्या सहा रंगीत चेंडूंची. दुसरी लांकडी गोल, घन आणि दंडगोल यांची. मुलाचा हात लागल्यावांचून या वस्तूंना अर्थच येत नाहीं. सावंतवाडीच्या लांकडी फळांचेंही तसेंच. रंगानें तीं मोहक खरीं, पण भातुकली मांडणारें पोर नसेल तर तीं मुकींच राहतात. दोष सौंदर्याचा नव्हे, हें यावरून ध्यानीं यावें.

मग बिघडतें कोठें? शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'च्या सहाव्या अंकांत शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी परत गेल्यामुळें चारुदत्ताचा रोहसेन मातीची गाडी नको म्हणून रडतो, आणि वसंतसेना अंगावरचे अलंकार उतरून ती मातीची गाडी भरते. त्या देण्यांतील वात्सल्य निःसंशय निर्मळ आहे. तथापि तेच अलंकार पुढें न्यायालयांत चारुदत्ताविरुद्ध पुरावा ठरतात. मुलाच्या गाडींत मोठ्यांचें सोनें भरलें कीं ती गाडी मुलाची राहत नाहीं.

कोणी म्हणेल, अजाण बाळाचें यांत नुकसान तें काय? खेळण्यापुरतें बोलावयाचें तर फारसें नाहीं; तें कोपऱ्यांत पडून राहील. परंतु झबल्यावरील वाक्यानें जेव्हां हशा पिकतो, तेव्हां खेळणें कोण असतें? मूलच! मनुष्याला केवळ साधन समजूं नये, हा कांटचा दंडक आहे. ज्याला तक्रार करतां येते त्याच्यापेक्षां, ज्याला ती करतां येत नाहीं त्याच्या बाबतींत तो अधिक कसोशीनें पाळला पाहिजे. अज्ञान मुलाच्या मालमत्तेचा विश्वस्त पै-पैचा हिशेब ठेवतो, तो याच न्यायानें.

सारांश, देणाऱ्याची जबाबदारी वाढते. भेट सुंदर असावी, गमतीचीही खुशाल असावी. मात्र पाहुण्यांचें हंसून झाल्यावर मुलाला तिच्याशीं करण्यासारखें कांहीं उरलें पाहिजे.