टाक्याच्या कडेवरचा फेस

आंबोलीच्या दाट रानात हिरवा, उडता झाडबेडूक असतो. पावसाळ्यात तो पाण्यावर झुकलेल्या फांदीला फेसाचं घरटं करतो. आतली पिलं फुटली की खाली पाण्यात टपकतात. खाली पाणी राहीलच, हा त्याचा भरोसा.

आपल्या वऱ्हाडात तसं रान नाही, पण त्याचा तपकिरी भाऊबंद आहे. आमच्या राजापेठच्या घरी न्हाणीच्या भिंतीलाही चिकटून बसतो. एका पावसाळ्यात वावरातल्या ढोरांच्या टाक्याच्या कडेला फेस दिसला. म्या समजलो, साबणाचा असंल. उघाड पडली तसं बूच काढून टाकं कोरडं केलं. चार दिवसांनी पाहतो, तर कोरड्या सिमेंटवर बारीक काळी पिलं. मुंग्या लागलेल्या.

बायको म्हणाली, "तुमी काय त्या बेडकाले वचन देल्लं होतं?"

नव्हतं दिलं. पण आपणही मृगात पेरतो, तेव्हा पावसानं कुठं वचन दिलेलं असते? तो दगा देते तेव्हा आपण आभाळाले बोल लावतो. त्या पिलांचं आभाळ म्या होतो.

आता बूच काढण्याआधी कडा पाहून घेतो.