बिनछपराची गाडी

वरोऱ्यात बिनछपराची, दोनच माणसांची गाडी बाळगायची म्हणजे चौकाचौकात जबाब द्यावा लागतो. "काहून जी, सफारीची जिप्सी घेतली का?" हा पहिला सवाल. ताडोबा शेजारी, त्यामुळे उघडी गाडी म्हणजे पर्यटकांना वाघ दाखवणारी गाडी, हे आमच्याकडे ठरून गेलेले आहे. दुसरा सवाल पावसाचा, तिसरा किमतीचा. या तिन्हींना मी हसून वाटेला लावतो. चौथा सवाल माझ्या एका खादीधारी वर्गमित्राने केला आणि तो हसण्यावारी नेता आला नाही. तो म्हणाला, "आनंदवनाच्या गावात राहतोस. साठी उलटली. आता सोडायचं वय, आणि तू धरत सुटला आहेस?"

त्याला तिथल्या तिथे काही बोललो नाही. आता लिहून सांगतो.

माझी नोकरी कोळशाच्या खुल्या खाणीच्या वर्कशॉपमध्ये गेली. 60 टनी डंपरचे नुसते टायर माणसाच्या डोक्याच्या वर जाते. अशा यंत्रांच्या पोटाखाली ज्याची उमेदीची वर्षे सरली, त्याला हलक्या यंत्राची ओढ लागली तर नवल नाही. गाडी घेतली नागपूरच्या एका हौशी गृहस्थाकडून. त्यांचे गुडघे गेले होते, आणि हिच्यात बसायचे म्हणजे जेवायला पाटावर बसावे तितके खाली बसावे लागते. कागदपत्रे चोख होती, एमएच-31 पासिंग. ते पाहिल्यावरच हात घातला, कारण आपल्याकडे गाडी जुळवणे एकवेळ जमते, तिची नोंदणी करून घेणे जमत नाही. पोलादी नळ्यांचा सांगाडा, अंगावर फायबर, इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांवर. एसी नाही, गाणी नाहीत, सामानाला जागा म्हणाल तर एक पिशवी. वजन 700 किलोच्या आतबाहेर.

हा घाट मूळचा इंग्लंडचा. लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमनने 1957 मध्ये 'सेव्हन' काढली. त्याचा हट्ट एकच होता: इंजिनाची ताकद वाढवत बसण्यापेक्षा गाडीचे वजन काढा, जे नसले तरी चालते ते मुळात बसवूच नका. आपल्याकडे अलिबागजवळ चिंकारा मोटर्सने याच घाटाची रोडस्टर बनवली आणि तिच्यात अँबॅसेडरमध्ये येणारे 1.8 लिटरचे इसुझू इंजिन टाकले. मंत्र्यासंत्र्यांना वाहून नेणाऱ्या इंजिनाला अंगावर इतके थोडे ओझे याआधी कधी मिळाले नसेल.

वर्गमित्राला आधी हेच सुनावणार होतो. म्हणणार होतो, बाबा रे, तुझ्या एसी गाडीपेक्षा माझी गाडी अधिक वैरागी आहे. ऊन, वारा, धूळ सगळे सोसते. मी अपरिग्रहाच्या जास्त जवळ आहे. पण हा युक्तिवाद टिकत नाही, आणि तो का टिकत नाही हे मला वणी रस्त्यावर दिसले. दिवाळीनंतर कापूस वेचणीचे दिवस. सकाळी मजुरीला निघालेल्या बायांनी खच्चून भरलेला मेटॅडोर माझ्या पुढे होता. त्यालाही छप्पर नव्हते. कोळशाच्या ट्रकांची धूळ जितकी माझ्या तोंडात जात होती तितकीच त्यांच्याही. एका बाईने पदर नाकावर ओढला, माझ्याकडे बघितले आणि शेजारणीला काहीतरी सांगितले. दोघी खळखळून हसल्या. त्यांना काय गंमत वाटली असेल याचा अंदाज करता येतो. ज्याच्याकडे पैसे आहेत तो माणूस पैसे मोजून उघड्यावर बसला आहे. घरी छप्पर असणाऱ्यानेच गाडीचे छप्पर काढावे. त्याला व्रत म्हणू नये, आवड म्हणावी.

तेव्हा वैराग्याचे सोंग बाजूला ठेवू. ही चैन आहे. प्रश्न एवढाच, की ही चैन माझी आहे म्हणजे नेमके काय आहे?

याचे एक उत्तर मला अंगणात मिळाले. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा 45 च्या वर जातो. त्या दिवसांत ही गाडी चालवणे म्हणजे आत्महत्या. म्हणून तेव्हा ती खोलायची. मदतीला माझा जुना फिटर येतो. तोही आता निवृत्त, आणि दर रविवारी न चुकता विहारात जाणारा. चाके, आस, गिअरबॉक्स, इंजिन असे सगळे ताडपत्रीवर मांडून झाले तेव्हा तो हात पुसत म्हणाला, "साहेब, आता सांगा बरं, गाडी कुठी हाय?" मग त्याने मिलिंद राजाची गोष्ट सांगितली. राजा रथातून आला. भिक्खू नागसेनाने विचारले, आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ? जू म्हणजे रथ? सगळ्याला राजाचे उत्तर नाही. मग या सगळ्यांवेगळा कुठे रथ आहे का? तेही नाही. तर मग रथ हे भाग एकत्र आल्यावर आपण दिलेले नाव, आणि नागसेन हेही तसेच नाव.

गंमत म्हणजे इंग्लंडच्या करखात्याने नकळत नागसेनाचीच बाजू घेतली होती. त्या काळी तिथे नव्या मोटारीवर खरेदी-कर होता, सुट्या भागांवर नव्हता. म्हणून लोटस 'सेव्हन' खोक्यांतून विकायची आणि गिऱ्हाईक घरी जुळवायचा. जुळवणीच्या सूचना दिल्या तर सवलत जाई. तेव्हा कंपनी गाडी खोलण्याच्या सूचना देई आणि गिऱ्हाईक त्या शेवटाकडून वाचत येई, असे मोटारवाले रंगवून सांगतात. खोक्यात होती तोवर कायद्यालेखी गाडी नव्हतीच. 1973 मध्ये व्हॅट आला, पळवाट बुजली, आणि त्याच वर्षी 'सेव्हन'चे हक्क केटरहॅमने घेतले.

ताडपत्रीवरच्या एकाही भागाबद्दल मला माया वाटली नाही, हे मी नीट तपासून पाहिले. पिस्टन घासला असता तर बदलला असता. माया परत आली ती जुळणी संपून बॉनेट बसल्यावर. तरी फिटरला मी म्हटले, तुझा नागसेन बरोबर असेल, पण विम्याचा हप्ता त्या नावावरच येतो. त्यावर तो म्हणाला, "हप्ता तर तुमच्याबी नावावर येते ना जी!" भाग सुटे केले म्हणून मालकी सुटत नाही, आणि नावे खोटी ठरली म्हणून जबाबदारी टळत नाही. नागसेनाने मला एवढेच दाखवले की आसक्ती लोखंडाला चिकटलेली नसते. पुढे काय करायचे, ते मला त्याच्याकडे सापडले नाही.

ते मला जैनांकडे थोडे सापडले. वरोऱ्याहून चंद्रपूरकडे निघाले की भद्रावती लागते. तिथे पार्श्वनाथाचे मोठे मंदिर आहे आणि गाव सोडले की विजासनची बौद्ध लेणी. माझा पहाटेचा ठरलेला फेरा तिथवरचा. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवरून केली नाही. वस्तूपायी येणारी मूर्च्छा, ती गुंगी, म्हणजे परिग्रह, असे म्हटले. आणि साधूला सर्वत्याग सांगणाऱ्या त्या धर्माने गृहस्थाला मात्र मर्यादा सांगितली: किती ठेवणार ते तूच ठरव आणि मग त्यापुढे जाऊ नकोस. मला हे फार व्यवहारी आणि फार अवघड वाटते. सर्वत्यागाचे कौतुक करून आपण घरी येऊन जेवू शकतो; स्वतःची रेघ स्वतः आखायची म्हटली की पळता येत नाही. गांधीजींचे पाहा. गीतेतला अपरिग्रह मनावर घेतल्यावर त्यांनी दक्षिण आफ्रिकेतून कळवून आपली 10,000 रुपयांची विम्याची पॉलिसी सोडून दिली. बायकोमुलांच्या नावाने आपण त्यांचे स्वावलंबन विकत घेतो आहोत, असे त्यांना वाटले. माझ्याच्याने हे होणार नाही. पण कुठली वस्तू सोडायची हे त्यांनी किती बारकाईने निवडले, ते पाहण्यासारखे आहे.

आता मुद्द्याची गाडी. वर्गमित्राने आनंदवनाचे नाव काढले म्हणून सांगतो, या भागात जिची सर्वांत जास्त चर्चा झाली ती स्पोर्ट्स कार माझी नाही, बाबा आमट्यांची. हिंगणघाटला 1914 साली जन्मलेला जहागीरदाराचा थोरला मुलगा. चौदाव्या वर्षी स्वतःची बंदूक. सिनेमांवर इंग्रजी नियतकालिकात लिहायचा, ग्रेटा गार्बोशी पत्रव्यवहार. आणि दिमतीला सिंगर कंपनीची स्पोर्ट्स कार, तिच्या गाद्यांना बिबट्याचे कातडे. पुढे वरोऱ्यात वकिली, नगरपालिकेचे उपाध्यक्षपद, त्याच काळात डोक्यावर मैल्याची टोपली, आणि पावसात गटाराकडेला पडलेला कुष्ठरोगी तुळशीराम. त्याला पाहून बाबा आधी घाबरून पळाले आणि मग परत गेले. पुढचा इतिहास वरोऱ्यातल्या पोरासोरांना पाठ आहे: 1949 मध्ये महारोगी सेवा समिती, मग खडकाळ जमिनीवर आनंदवन: सहा रुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि चौदा रुपये.

भाषणांत ही सिंगर नेहमी एकाच कामासाठी बाहेर काढतात. आधी केवढे सुख होते ते दाखवायचे, म्हणजे नंतरचा त्याग उंच दिसतो. कपिलवस्तूच्या राजवाड्याचा आपण असाच वापर करतो. मला या सांगण्याचा कंटाळा आला आहे, आणि रागही. त्यागाची प्रत्येक गोष्ट अशी श्रीमंताच्या गॅरेजपासून सुरू केली, तर तुळशीरामाला धर्मात जागा कोणती? त्याच्याकडे सोडायला काय होते? मेटॅडोरमधल्या त्या बायांकडे काय आहे? सोडणे हीच जर धर्माची पायरी असेल, तर ज्याच्या हाती काही पडलेच नाही तो पायरीखालीच राहणार.

बाबांनी काय केले ते नीट पाहावे. स्वतःचे सोडले, हे अर्धे. ज्यांना घरातून, गावातून, वाटणीतून काढून टाकले होते त्यांना त्यांनी अपरिग्रह शिकवला नाही. त्यांना त्यांनी कुदळ दिली, विहीर खणायला लावली, शेत, हातमाग, कारखाना दिला. भीक बंद करून कमाई हातात दिली. झडलेल्या बोटांच्या माणसाला 'हे माझे आहे' म्हणता यावे, यासाठी आयुष्य घातले. एका माणसाने एकाच हयातीत स्वतःपुरते 'माझे' पुसले आणि दुसऱ्यांच्या पाटीवर ते लिहून दिले. या दोन्हीला धर्म म्हणायचे असेल तर वस्तू असणे-नसणे हा निकष धरता येणार नाही. विनोबांनी ज्या ईशावास्यावर वृत्ती लिहिली, त्याचा पहिलाच मंत्र त्याग आणि भोग यांना एका दमात एकत्र आणतो, त्याचा अर्थ मला पोथीपेक्षा इथे जास्त कळला. विनोबांचे पवनार वरोऱ्याहून फार लांब नाही.

आणि मला वाटते, सिंगर चालवणारा तो तरुण कुठे गेला नव्हता. वाऱ्याची, लांबच्या रस्त्याची त्याची भूक तशीच राहिली. मणक्याच्या आजाराने पुढे बाबांना बसणेच अशक्य झाले. उभे राहायचे नाहीतर आडवे व्हायचे, तिसरे काही नाही. त्या अवस्थेत, सत्तरी ओलांडल्यावर, 1985 च्या डिसेंबरात ते कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' म्हणून निघाले. तरुण सायकलींवर, आणि बाबा गाडीत अंथरुणावर. ज्याच्यासाठी गाडीत सीट उरली नव्हती तो माणूस पुन्हा रस्त्यावरच होता. त्यांनी हौस मारली असे मला वाटत नाही. फक्त तिच्यात पुष्कळ माणसे घेतली.

माझी ऐपत तेवढी नाही. माझी रेघ मी आखली आहे ती अशी: ही गाडी शेवटची, हिच्यासाठी कर्ज नाही, आणि बाजूची सीट शक्यतो रिकामी न्यायची नाही. यातली तिसरी अट बायकोने घातली. ती स्वतः एकदा बसली, "अहो, डोळ्यांत कचरा गेला" म्हणाली आणि पुन्हा बसली नाही. तेव्हापासून त्या सीटवर फिटर बसला आहे, त्याची नात बसली आहे, बँकेचा शिपाई, पेपर टाकणारा पोट्टा, एक कीर्तनकार. सगळ्यांना वेग आवडतो असे नाही. कीर्तनकार भद्रावतीपर्यंत नामस्मरण करत होते आणि ते भक्तीचे वाटले नाही. याने मजुरीला जाणाऱ्या बायांच्या डोक्यावर छप्पर येत नाही, हे मला माहीत आहे. त्याचा हिशेब वेगळा आहे आणि तो गाडी विकूनही चुकता होणार नाही. पण मूर्च्छा किती चढली हे तपासायला ही सीट बरी पडते. दुसऱ्याच्या चपलेची माती आत आली आणि माझे कपाळ आठले, तर समजावे.

गाडी मी विकणार नाही. वर्गमित्राला निरोप एवढाच: रविवारी पहाटे सहाला भद्रावतीला निघतो आहे, तुझी जागा राखून ठेवली आहे. गांधी टोपी मात्र घरी ठेवून ये. ती डोक्यावर राहायची नाही.