कार्याचे स्थळ

‘स्थळ’ या शब्दाला आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत. मुलीसाठी स्थळ पाहतो तेव्हा आपण माणसे पाहतो. घराणे कसे, सासूचा स्वभाव कसा, याची चार गावी चौकशी करतो. पुढे पत्रिकेवर ‘विवाहस्थळ’ छापतो तेव्हा मात्र मनात नुसती जागा असते. गाड्या कुठे लावायच्या, पंगतीला पाने किती बसतील, भाडे काय पडेल, एवढे पाहिले की निवड झाली. कार्य कुठे करायचे हा निव्वळ सोयीचा प्रश्न आहे असे आपण धरून चालतो. मला तो नीतीचा प्रश्न वाटतो, आणि तसे वाटायला आमचे किल्लारी गाव कारण आहे.

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक घरी आले, निजले, आणि ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. मातीच्या गाऱ्यात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरची माळवदे झोपलेल्या माणसांवर आली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत जवळजवळ दहा हजार माणसे गेली. पुढे ५२ गावे जुनी पांढरी सोडून नव्या जागी वसविली गेली, किल्लारी त्यांतलेच. नव्या घराचे माप शेताच्या मापावरून ठरले. भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४५०, त्यापुढे ७५०.

अशा गावात मांडव कुठे घालावा? जुन्या पांढरीवर माणसांच्या आठवणी आहेत, नीळकंठेश्वराचे देऊळ आहे. कोणी म्हणतात, जिथे एवढा आकांत झाला तिथे सनई वाजविणे म्हणजे मेलेल्यांचा अपमान. कोणी म्हणतात, ज्यांनी आपल्याला अंगाखांद्यावर खेळविले त्यांना सोडून केलेले कार्य पोरके. मला दोन्ही बोलणी खरी वाटतात, आणि म्हणूनच दोन्हींना आपापली जागा असावी असे वाटते. आनंद जित्यांच्या वस्तीत करावा. परंतु देवाला पहिली पत्रिका द्यायला जुन्या गावी जावे, आणि तिथे घटकाभर उगे उभे राहावे. निमंत्रण त्यांनाही पोचले पाहिजे.

मेलेल्यांचा प्रश्न असा सुटतो. जित्यांचा त्याहून अवघड आहे. हल्ली चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवरच्या लातुरात कार्यालय घेण्याची चाल पडली आहे. तिथे दिवे असतात, पंखे असतात, हौस होते. पण गुडघे धरलेली शेजारची म्हातारी येत नाही, रोज बुडवता येत नाही असा सालगडी येत नाही. आपण म्हणतो, ‘बोलावले होते, आले नाहीत.’ बोलावणे तोंडाने केले आणि नकार जागेने दिला, हे आपल्या लक्षात येत नाही.

यावर कोणी म्हणेल, मास्तर, तुम्हांला जुन्या वाड्यातल्या मांडवाचे कौतुक आहे. तसे नाही. वाड्याच्या चौकात कोण येत असे आणि कोण उंबऱ्याबाहेर पत्रावळ धरून बसत असे, हे आमच्या भागाला ठाऊक आहे. कार्यालयवाला भाडे विचारतो, जात विचारत नाही. हा त्याचा मोठाच गुण. शिवाय २५० चौरस फुटांच्या घराला अंगण ते किती असणार? त्या बापाला भाड्याची जागा म्हणजे अब्रू राखणारे छत्र आहे. म्हणून अंगण चांगले आणि कार्यालय वाईट असा निवाडा मी देणार नाही.

जागा निवडणे म्हणजे माणसे निवडणे, हे आपल्याकडच्या मोठ्या माणसांनी पुरते ओळखले होते. १८९३ साली लोकमान्य टिळकांनी गणपतीच्या सार्वजनिक उत्सवाला बळ दिले. देव्हाऱ्यातला देव चौकात बसला, आणि ज्याच्या घरी देव्हारा नाही तोही त्याच्या आरतीला उभा राहू शकला. १९५६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मदीक्षेसाठी नागपूर निवडले. १४ ऑक्टोबरला दीक्षा झाली आणि दुसऱ्या दिवशीच्या भाषणात नागपूरच का, याचा त्यांनी खुलासा केला. बौद्ध धर्माचा प्रसार करणारे नागलोक या भागात राहत होते, हे कारण त्यांनी सांगितले. लाखो लोकांच्या आयुष्यातला तो दिवस होता. त्याची जागा कोणाशी नाते सांगते याचा विचार त्यांनी केला आणि तो लोकांपुढे मांडलाही.

आपली कार्ये लहान असतात. पण कसोटी तीच आहे. आपण आधी कार्यालयाची तारीख धरतो आणि मग त्यात मावतील तेवढी माणसे यादीत ठेवतो. हे उलटे झाले. यादी आधी करावी. तिच्यातली सर्वांत म्हातारी, सर्वांत गरीब आणि सर्वांत संकोची अशी तीन नावे वेगळी काढावी, आणि ती तिघे कुठे येऊन मोकळेपणी जेवतील ते पाहावे. ती जागा कधी अंगण असेल, कधी समाजमंदिर, कधी शाळेचे पटांगण, आणि कधी भाड्याचे कार्यालयसुद्धा. दूरचेच कार्यालय घेणे भाग असेल तर वरातीच्या गाडीआधी त्या तिघांच्या गाडीची सोय करावी.

दिवाळी सरेल, तुळशीचे लग्न लागेल आणि घरोघर मुहूर्ताची बोलणी सुरू होतील. त्या वेळी वडीलधाऱ्यांनी एवढे एकदा विचारावे: हे स्थळ आपल्या माणसांना पसंत पडेल का? मुलीसाठी आपण ते विचारतोच. गावासाठीही विचारायला हरकत नाही.