गळालेली नावे

गेल्या दिवाळीत भाऊबीज होऊन पाहुणे पांगले होते. डब्यांच्या तळाशी उरलेला शेवेचा चुरा आणि अंगणातला कलंडलेला किल्ला एवढेच काय ते सणाचे अवशेष उरले होते. अशा एका दुपारी आमच्या दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. हातात स्टीलचा डबा, मागे बारातेरा वर्षांची मुलगी.

"ओळखलंत का सर?"

हा प्रश्न शिक्षकाच्या कपाळी जन्मभर लिहिलेला असतो आणि निवृत्तीनंतरही तो सुटत नाही. मी सवयीने "वा, वा, या, बसा" म्हटले, पण आठवत काहीच नव्हते. मग त्यांनी नाव सांगितले आणि मी चपापलो. चेहरा मी कधी पाहिलाच नव्हता. नाव मात्र चांगले ओळखीचे होते. माझ्या एका वहीत ते मीच लिहिले होते आणि वर मथळा दिला होता : 'गळालेले विद्यार्थी'.

हे कसे घडले ते सांगतो.

मी उभा जन्म मानसशास्त्र शिकवण्यात घालवला. २०२० साली करोनाने वर्ग बंद केले आणि फळ्यापुढून उठून आम्ही सारे मोबाईलच्या पडद्यापुढे जाऊन बसलो. पुढच्या वर्षी एका संस्थेने मजवर एक काम सोपवले. पदवीचा मानसशास्त्राचा एक अभ्यासक्रम ती ऑनलाइन चालवीत होती. त्यातले विद्यार्थी कसे शिकतात, कोणाला यश येते, कोणाला येत नाही व का, याची पाहणी करून मी अहवाल द्यायचा होता. विषय माझ्या आवडीचा, वेळ मुबलक, आणि म्हातारपणी कोणी मत विचारले की माणूस फुलतो. मी आनंदाने होकार दिला.

नाशिककराला दूरशिक्षणाचे नवल वाटू नये. गंगापूर धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याने जाताना यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ लागते. १९८९ साली ते स्थापन झाले, डॉ. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे ब्रीदवाक्य आमच्याकडे सर्वांना ठाऊक आहे. ज्याला शाळा सुटून वर्षे लोटली, जो दिवसा नोकरी करतो, जिच्या कडेवर मूल आहे, अशा माणसांच्या दारी विद्या न्यावी, हा त्यामागचा विचार. इंग्लंडमध्ये १९६९ साली मुक्त विद्यापीठ निघाले तेही याच विचाराने. तेव्हा शिक्षकाविना घरी बसून शिकणारा माणूस आम्हांला अनोळखी नव्हता. नवीन होते ते एवढेच, की आता त्याची प्रत्येक हालचाल नोंदली जाऊ लागली. तो कधी आला, कोणती चित्रफीत किती मिनिटे पाहिली, कोणत्या प्रश्नावर अडला, केव्हा निघून गेला, हे सारे माझ्यापुढे तक्त्यांच्या रूपाने येऊ लागले.

त्या तक्त्यांवरून निघालेले निष्कर्ष खोटे नव्हते, हे आधी सांगितले पाहिजे. नियमित येणारे उत्तीर्ण होत होते. स्वाध्याय शेवटच्या रात्रीवर न ढकलणारे उत्तीर्ण होत होते. आणि धडा पुन्हापुन्हा वाचण्याऐवजी पुस्तक मिटून स्वतःची परीक्षा घेणारे सर्वांच्या पुढे होते. यात मला आश्चर्य वाटले नाही. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन पंडिताने स्वतःवरच प्रयोग करून, निरर्थक अक्षरे पाठ करून, माणूस किती वेगाने विसरतो हे १८८५ साली दाखवून दिले. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकन संशोधकांनी त्याच्या पुढची गोष्ट दाखवली. एका गटाने एक उतारा चारही सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने तो एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणाऱ्यांना ८३ टक्के आठवत होते, आठवणाऱ्यांना ७१. पण आठवड्याने विचारले तेव्हा वाचणाऱ्यांचे ४० टक्क्यांवर आले आणि आठवणाऱ्यांचे ६१ वर टिकले. यातली गंमत पुढेच आहे. आपल्याला पुढे चांगले आठवेल अशी खात्री अधिक होती ती वाचणाऱ्यांनाच! जे सोपे जाते ते आपल्याला आले असे वाटते. आणि जे आठवताना दमछाक होते तेच खरे पदरात पडते.

हे सारे मी अहवालात लिहिले. शेवटी एक शिफारसही केली. पहिल्या महिन्यात जे विद्यार्थी अनियमित येतात आणि अवेळी येतात, त्यांच्या मनाची तयारी झालेली नसते. तेव्हा त्यांना अभ्यासक्रम सोडण्याचा सल्ला वेळीच द्यावा, म्हणजे शिकवणाऱ्यांचे श्रम योग्य ठिकाणी खर्च होतील. अहवाल वाचून संस्थेने मला शाल आणि नारळ दिला.

आणि आता त्या 'मनाची तयारी नसलेल्या' बाई माझ्यापुढे बसल्या होत्या. आमच्या सौभाग्यवतींनी चहा केला. त्यांची मुलगी भिंतीवरचे कॅलेंडर वाचीत होती. मी जरा अवघडून म्हणालो, "तुम्ही मध्येच अभ्यास सोडलात, मला वाईट वाटलं होतं."

"सोडला नव्हता हो सर," त्या म्हणाल्या, "छाटणी लागली होती."

त्या दिंडोरी तालुक्यातल्या, घरची द्राक्षबाग. नाशिक जिल्ह्यात द्राक्षाचे वेळापत्रक विद्यापीठाच्या वेळापत्रकाला विचारून चालत नाही. दसऱ्याच्या आगेमागे फळछाटणी होते. काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावायची, कोंब फुटले की फवारण्या सुरू. त्यात अवकाळी पाऊस आला तर डावणीच्या भयाने घरातल्या कोणालाही उसंत नसते. घरात मोबाईल एक. दिवसा तो मालकांच्या खिशात असायचा, संध्याकाळी दिराच्या मुलाच्या शाळेसाठी लागायचा, आणि रात्री अकराला सारे निजल्यावर यांच्या हाती यायचा. माझ्या तक्त्यात त्यांच्या नावापुढे 'रात्री ११ ते १' अशी वेळ पडली होती आणि तिच्यापुढे मी पेन्सिलीने लिहिले होते : 'शिस्तीचा अभाव'. दिवसभर बागेत राबून मध्यरात्री स्मृतीवरचा धडा ऐकणाऱ्या बाईला मी शिस्तीचा अभाव लावला होता! पुढे पावसाने घड गळाले, कर्जाची चिंता आली, आणि त्यांचे येणे थांबले. तक्त्याने लिहिले, 'निष्क्रिय'.

मी विचारले, "मग त्या शिकण्याचा काही उपयोग झाला का?"

त्या हसल्या. मुलीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हिला विचारा. मी भाकऱ्या थापताना ही पुस्तक मिटून मला धडा सांगते. अडली की मी सांगत नाही, आठव म्हणते. ते तुमच्याच धड्यात होतं ना सर?"

होते. ज्या धड्याच्या चाचणीत त्यांच्या नावापुढे शून्य होते, तोच तो धडा.

त्या गेल्यावर मी बराच वेळ त्या एका शब्दाशी बसून राहिलो. गळती! हा शब्द आपण किती सहज वापरतो. पण मराठीत मडकेही गळते आणि पाणीही गळते. क्रियापद एकच. दोष भांड्याचा की पाण्याचा, हे आपली भाषा सांगत नाही. ते बोलणाऱ्याने ठरवायचे असते. घराचे छप्पर गळू लागले तर पावसाला शिस्त नाही असे आपण म्हणत नाही, गवंड्याला बोलावतो. शाळेची गळती निघाली की मात्र आपण पाण्याची चौकशी करतो. द्राक्षवाला आमच्याहून शहाणा. तो घडातले मणी मुद्दाम काढतो त्याला विरळणी म्हणतो, आणि नको असताना पडतात त्याला गळ. पहिली त्याने स्वतः केलेली असते. दुसरी झाली की तो आभाळाकडे, मुळांकडे, पानांकडे पाहतो, मण्याला दोष देत नाही. मी काय केले होते? गळ झाली होती, आणि तिला विरळणीचे नाव देऊन मोकळा झालो होतो.

येथे कोणी म्हणेल, की अशाने परीक्षाच नको म्हणावे लागेल. तसे मी म्हणत नाही. मनाचे शास्त्र अर्धे शिकून दुसऱ्याच्या मनावर उपचार करू पाहणारा माणूस धोक्याचा असतो, आणि ज्याने अभ्यास पुरा केला नाही त्याला प्रमाणपत्र देऊ नये हेच न्यायाचे आहे. सोडून गेलेले सगळे छाटणीपायीच गेले असेही नाही. काही आळसाने गेले असतील, काहींना विषय रुचला नसेल, आणि न रुचलेली गोष्ट सोडण्याचा हक्क शिकणाऱ्याला असलाच पाहिजे. प्रश्न निराळा आहे. 'अभ्यासक्रम अपुरा राहिला' हे एक विधान आहे आणि 'विद्यार्थी अयशस्वी झाला' हे दुसरे. पहिले कामाविषयी आहे, दुसरे माणसाविषयी. पहिल्यासाठी तक्ता पुरतो. दुसऱ्यासाठी माणसाला विचारावे लागते. आणि मी विचारले नव्हते. माझी प्रश्नावली गेली होती ती फक्त अभ्यासक्रम पुरा करणाऱ्यांकडे. 'तुम्हांला यश कशामुळे आले?' असे मी यशस्वी लोकांना विचारले. त्यांनी नियमितपणा, चिकाटी, ध्येय अशी उत्तरे दिली आणि मी ती खरी मानली. 'घरात तीन मोबाईल होते म्हणून' असे कोण कशाला लिहील?

दूरशिक्षणावर भाषण करणारा प्रत्येक वक्ता एकलव्याची गोष्ट सांगतो. मीही अनेकदा सांगितली आहे. मातीच्या पुतळ्यापुढे बसून शिकला आणि अर्जुनाला मागे टाकले! पण त्या अरण्यात आणखी किती पोरांनी मातीचे द्रोण घडवले असतील, चार दिवस बाण सोडले असतील, आणि घरी शिकार नाही म्हणून धनुष्य खाली ठेवले असेल? त्यांची गोष्ट व्यासांनी सांगितली नाही. एकट्या एकलव्याकडे बोट दाखवून 'मातीचा गुरू पुरतो' असे म्हणणे म्हणजे सोडून गेलेल्यांना वर आणखी चिकाटीचा उपदेश करणे होय. शिवाय गोष्टीतले द्रोणाचार्य शिकवायला कधी आले नाहीत. आले ते अंगठा मागायला. आम्हीही शिकताना कोणाची चौकशी केली नाही, आणि शेवटी नोंदी तेवढ्या मागून घेतल्या.

गंमत अशी, की हे सारे माझ्याच शास्त्रात लिहिलेले आहे. १९६०च्या दशकात फ्रेड केलर या मानसशास्त्रज्ञाने व्याख्याने जवळजवळ काढून टाकून, विद्यार्थ्याने आपापल्या गतीने एकेक भाग पक्का करीत पुढे जावे, अशी पद्धत बसवली, आणि १९६८ साली 'गुड-बाय, टीचर' नावाचा निबंध लिहिला. शिक्षकाला निरोप! पण त्या पद्धतीतही केलरने माणूस काढला नव्हता. आधी तो अभ्यास पुरा केलेला एखादा विद्यार्थी नव्या विद्यार्थ्याजवळ बसे, उत्तर तिथल्या तिथे तपासे, अडलेले समजावून देई. तरीसुद्धा स्वतःच्या गतीने चाला म्हटल्यावर पुष्कळजण रेंगाळत आणि काही सोडून जात, ही अडचण त्या पद्धतीला पुढेही छळत राहिली. मोकळीक दिली की सोबतीची गरज कमी होत नाही, वाढते. मिलग्रॅमच्या आज्ञापालनाच्या प्रयोगांविषयी शिकवताना आम्ही मुलांना बजावून सांगतो, की ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याची संमती आणि त्याचा मान सांभाळा. आणि त्याच मुलांच्या रात्री मी त्यांना न विचारता मोजीत बसलो होतो.

रोडिगर-कार्पिकींच्या त्या पहिल्या गटात मीही होतो असे आता वाटते. मी माझा तक्ता चारदा वाचला. दर वाचनाला माझी खात्री वाढत गेली. तो मिटून 'या माणसाविषयी मला खरोखर काय ठाऊक आहे?' अशी स्वतःची परीक्षा मी एकदाही घेतली नाही.

दिवाळीनंतर मी ती वही काढली आणि गळालेल्या नावांना एकेक करून फोन लावू लागलो. काही क्रमांक बदलले होते. काहींनी 'आता कशाला?' म्हणून ठेवून दिला, आणि त्यांचे बरोबरच होते. काही बोलले. एकाची आई त्या वर्षी गेली होती, एक सातपूरच्या कारखान्यात रात्रपाळीला लागला होता, एकाने सरळ सांगितले, "सर, कंटाळा आला." त्याचेही मी लिहून घेतले. मग संस्थेला पत्र लिहिले, की माझी शेवटची शिफारस मी मागे घेतो. जो पहिल्या महिन्यात अडखळतो त्याला सोडण्याचा सल्ला देऊ नका, त्याला फोन करा. आणि ज्याने जिथे सोडले तिथूनच पुन्हा सुरू करण्याची वाट उघडी ठेवा. पत्राचे उत्तर अजून आलेले नाही. शिफारस मात्र अमलात आलेली आहे. शाल परत करता येते, शिफारस येत नाही, हे मला या वयात कळले.

त्या दिवशी बाई निघाल्या तेव्हा आतून हाक आली, "अहो, थांबवा त्यांना, डबा रिकामा कसा परत द्यायचा?" सौभाग्यवतींनी त्यात चार करंज्या आणि थोडा चिवडा घातला. आपल्याकडे दिलेला डबा कोणी रिकामा परत करीत नाही; अक्षर न शिकलेल्या बाईलाही हे ठाऊक असते. माझ्या त्या विद्यार्थ्यांनी मला आपल्या रात्री दिल्या होत्या, आणि त्यावर मी एक अहवाल उभा केला होता. त्यांचा डबा मी रिकामाच ठेवला होता.

वहीतला तो मथळा मी खोडला आहे. त्या जागी दुसरा काय लिहावा, हे अजून सुचलेले नाही. तूर्त नुसती नावे आहेत.