अस्सल, नक्कल आणि मनगट : एका छंदाची नैतिक मीमांसा

‘अस्सल’ आणि ‘नक्कल’ ही शब्दांची जोडी मराठीत दफ्तराच्या व्यवहारात चांगली रुळलेली आहे. वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. तेव्हापासून जुना कागद हाती येताच संशोधकाने विचारावयाचा पहिला प्रश्न हाच, की तो अस्सल आहे की नक्कल. मात्र या प्रश्नात नकलेविषयी तुच्छता नाही. सरकारी कचेरीतून सही-शिक्क्यानिशी मिळणारी सात-बाराची नक्कल प्रामाणिक असते, कारण आपण नक्कल आहोत हे ती स्वतःच सांगते. मुंबईच्या बाजारबोलीतील ‘फर्स्ट कॉपी’ हा शब्द याच्या नेमका उलट वागतो. विक्रेता आणि गिऱ्हाईक यांच्यापुरते त्यात सत्य सांगितलेले असते. पण ज्या वस्तूला तो लावला जातो त्या वस्तूवर ते सत्य कोठेही लिहिलेले नसते. एका नकलेत सत्य वस्तूवर आहे, दुसरीत ते फक्त व्यवहारात आहे. महागड्या मनगटी घड्याळांच्या प्रतिकृती जमविण्याच्या छंदाचा नैतिक विचार या भेदापासून सुरू करावा लागतो.

कांदिवलीतील एखादा छांदिष्ट उदाहरणादाखल कल्पावा. चारकोपच्या दोन खोल्यांच्या घरात रविवारी दुपारी तो मेजावर स्वच्छ कापड अंथरतो. डोळ्याला भिंग, हातात चिमटा आणि बारीक पेचकस. घड्याळाची टिकटिक ऐकून दिवसाला ते किती सेकंद पुढे वा मागे जाते हे सांगणारे यंत्र त्याच्यापाशी आहे. चुंबकत्व काढणारे उपकरणही आहे. पावसाळ्यापूर्वी तो झाकणाखालची रबरी कडी बदलतो, वाळलेले तेल पुसून नवे थेंब योग्य जागी सोडतो. त्याच्या संग्रहातील घड्याळांच्या तबकड्यांवर स्वित्झर्लंडमधील नामांकित घराण्यांची नावे आहेत, आणि त्यांपैकी एकही घड्याळ त्या घराण्याने घडविलेले नाही. हे त्याला ठाऊक आहे. काट्याची जाडी, तारखेवरील भिंगाची उंची, अक्षरांमधील अंतर यांत मूळ कोठे आणि प्रत कोठे, हे तो न चुकता सांगू शकतो. तो घड्याळे विकत नाही. मग त्याचे चुकते कोठे?

त्याच्या बाजूने तीन युक्तिवाद संभवतात. पहिला असा, की तो स्वतः फसलेला नाही आणि विक्रीतून कोणाला फसवीतही नाही. दुसरा असा, की त्याचे प्रेम यंत्रावर आहे, नावावर नाही. तिसरा सर्वांत धारदार आहे : काळ मोजण्याच्या कामी साध्या क्वार्ट्‌झ घड्याळाहून कमी अचूक असणाऱ्या यांत्रिक वस्तूला जे लाखो रुपये मागतात त्यांनीच मूळ ढोंग मांडले आहे, प्रतिकृती त्या ढोंगाचे केवळ विडंबन करते.

पहिल्या युक्तिवादाला कायद्याचा काहीसा आधार आहे. १९९९ चा व्यापारचिन्ह अधिनियम २००३ मध्ये अंमलात आला. त्याची १०३ आणि १०४ ही कलमे खोटे चिन्ह लावणाऱ्यास आणि असा माल विकणाऱ्यास वा विक्रीसाठी बाळगणाऱ्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास सांगतात. स्वतःच्या वापरासाठी एखादी वस्तू घेणारा या कलमांच्या कक्षेत येत नाही. अमेरिकी व्यापार-प्रतिनिधींच्या कार्यालयाने २०२१ च्या ‘कुप्रसिद्ध बाजारपेठां’च्या यादीत हाजी अलीजवळच्या हिरापन्नाचा समावेश केला, त्या यादीतही बाजाराचे नाव आहे, गिऱ्हाइकाचे नाही. परंतु कायद्याचे मौन म्हणजे नीतीची संमती नव्हे. गिऱ्हाइकाला शिक्षा नाही याचा अर्थ एवढाच, की दंडशक्ती कोठे वापरावी याचा एक व्यवहार्य निर्णय कायद्याने घेतला आहे.

दुसरा युक्तिवाद अधिक गंभीर आहे, कारण त्यात तथ्य आहे. अनेक प्रतिकृतींच्या पोटात स्वित्झर्लंडच्या ‘ईटीए २८२४’ या यंत्राच्या धर्तीवर चीनमध्ये तयार झालेले यंत्र असते. तासाला २८,८०० ठोके घेणाऱ्या या रचनेवरील पेटंटची मुदत केव्हाच संपली आहे. ती रचना उचलून स्वतःच्या नावाने यंत्र विकणाऱ्याने कोणाचेही काही चोरलेले नाही. तंत्रविद्येचा प्रसार अशाच अनुकरणातून होत आला आहे. हिंदुस्थान मशीन टूल्सने १९६१ मध्ये बंगळूर येथे मनगटी घड्याळे काढली ती जपानच्या ‘सिटिझन’च्या सहकार्याने. ज्या महिंद्र उद्योगाचा ट्रॅक्टरचा कारखाना कांदिवलीच्या आकुर्ली मार्गावर आहे, त्याने १९४० च्या दशकाच्या अखेरीस विलीजच्या परवान्याने जीप जुळविण्यापासून आपला वाहनउद्योग आरंभिला. पुढे याच उद्योगाच्या ‘रॉक्सर’ या वाहनाचे रूप जीपच्या संरक्षित रूपावर अतिक्रमण करते, असा निर्णय २०२० मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने दिला. रूप पालटल्यावर ती हरकत दूर झाली. परवाना आणि अतिक्रमण यांच्यामधली रेषा लोखंडातून जात नाही, ती करारातून आणि चिन्हातून जाते, हे या उदाहरणावरून दिसते. खुद्द घड्याळांच्या इतिहासातही नकलेचा डाग कोणा एका देशाच्या माथी नाही. आब्राहाम-लुई ब्रेगे या श्रेष्ठ घड्याळजीला आपल्या नावाने खपणाऱ्या बनावट घड्याळांमुळे १७९५ च्या सुमारास तबकडीवर गुप्त स्वाक्षरी कोरावी लागली. आणि एकोणिसाव्या शतकात काही स्विस कारखानदार अमेरिकी घड्याळांच्या नकला बाजारात आणीत होते.

तेव्हा यंत्राची नक्कल हे असत्य नव्हे. असत्य असेल तर ते तबकडीवरच्या चार-सहा अक्षरांत आहे. नेल्सन गुडमन यांनी ‘लँग्वेजिस ऑफ आर्ट’ (१९६८) या ग्रंथात केलेला भेद येथे उपयोगी पडतो. कवितेची बिनचूक प्रत ही कविताच असते. तिची बनावट प्रत संभवत नाही. चित्राची कितीही हुबेहूब प्रत मात्र ते चित्र होत नाही, कारण चित्राचे अस्तित्व ते कोणाच्या हातून उतरले या इतिहासाशी बांधलेले असते. पहिल्या प्रकाराला संहितानिष्ठ आणि दुसऱ्याला हस्तनिष्ठ म्हणता येईल. घड्याळ हे या दोहोंचे चमत्कारिक मिश्रण आहे. त्याचे यंत्र संहितानिष्ठ असते : आराखड्याबरहुकूम दाते कापले, तोलचक्र झुलले, की यंत्र सिद्ध झाले. त्याचे नाव मात्र हस्तनिष्ठ असते : ते कोणी लिहिले यावरच त्याचे सत्य ठरते. छांदिष्ट यंत्राच्या बाजूने बोलतो तेव्हा तो खरे बोलतो. पण त्या सत्याच्या आडोशाला तो नावालाही बसवितो.

मराठी सौंदर्यविचारातील एक जुना वाद येथे अनपेक्षितपणे जिवंत होतो. मर्ढेकरांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथातील भूमिका काटेकोरपणे लावली, तर सौंदर्य संवेदनांच्या लयबद्ध रचनेत असल्याने समान रचनेच्या दोन वस्तू समान सुंदर ठरावयास हव्यात. तबकडीवरच्या नावाचा इतिहास सौंदर्यबाह्य होय. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) दाखविलेला दुसरा, लौकिकतावादी ध्रुव स्वीकारला, तर वस्तूचे मानवी संबंध तिच्या मूल्यातून वगळता येत नाहीत. छांदिष्टाची अडचण अशी, की तो दोन्ही ध्रुवांवर एकाच वेळी उभा राहू पाहतो. घड्याळ विकत घेताना तो मर्ढेकरांच्या बाजूचा असतो. ते मनगटावर बांधून घराबाहेर पडताना त्याला लौकिकाची गरज भासते.

तो सहज म्हणेल, की हा सारा खेळ आहे आणि खेळाला सत्यासत्याचा निकष लावू नये. संस्कृत काव्यशास्त्राने या उत्तराची पूर्वीच परीक्षा केली आहे. श्रीशंकुकाच्या मते नटाला पाहून होणारी ‘हा राम आहे’ ही प्रतीती सम्यक् नव्हे, मिथ्या नव्हे, संशय नव्हे आणि केवळ सादृश्यही नव्हे; चित्रातल्या घोड्याला आपण घोडा म्हणतो तशी ती निराळ्याच जातीची आहे. छांदिष्टाचे आपल्या घड्याळाशी असलेले नाते याच जातीचे आहे. त्याला भ्रम नाही, संशय नाही, तरी तो त्याला मूळच्याच नावाने हाक मारतो. परंतु चित्रतुरगन्यायाला रंगमंच लागतो. प्रेक्षक तिकीट काढून, नाटक पाहावयाचे आहे हे जाणून आलेला असतो. त्याच्यासारख्याच छांदिष्टांच्या बैठकीत, जेथे प्रत्येकाला वस्तूचे कुळ ठाऊक आहे, तेथे असा रंगमंच असतो, आणि तेथे या खेळात दोष काढणे कठीण आहे. कांदिवलीहून चर्चगेटला जाणाऱ्या लोकलच्या पहिल्या वर्गाच्या डब्यात तो नसतो. सहप्रवाशाने असा कोणताही करार केलेला नाही. तेथे चित्रातला घोडा खराच घोडा होऊन उभा राहतो आणि ज्याला हे ठाऊक आहे तो गप्प बसतो.

शंकुकावर भट्ट तौताने घेतलेला आणि अभिनवगुप्ताने नोंदविलेला आक्षेप आणखी खोल जातो. अनुकरण हे अनुकरण म्हणून कळावयाचे तर अनुकार्य आधी पाहिलेले असावे लागते. रामाची रती कोणी पाहिली आहे? लोकलमधल्या सहप्रवाशानेही मूळ घड्याळ बहुधा कधी हाताळलेले नसते. मग तो काय ओळखतो? तो घड्याळ ओळखत नाही, त्याच्याभोवतीची कीर्ती ओळखतो. म्हणजे प्रतिकृती ज्याचे अनुकरण करते ती मूळची वस्तूच नसते. ती त्या वस्तूला मिळणाऱ्या आदराचे अनुकरण करते. काट्याच्या जाडीतला, तारखेच्या भिंगातला जो सूक्ष्म भेद ओळखण्यासाठी छांदिष्टाने डोळा तयार केला, तो बाहेरच्या प्रेक्षकाच्या लेखी अस्तित्वातच नाही. डोळस जाणकारी अखेर अशा नजरेसाठी राबते जिला काहीच दिसत नाही.

येथेच विडंबनाचा युक्तिवादही कोसळतो. विडंबन हे विडंबन म्हणून वाचले गेले तरच विडंबन. मूळ रचनेवरची वाचकाची श्रद्धा त्याने ढिली करावयास हवी. प्रतिकृती मात्र ती श्रद्धा शाबूत असेल तरच काम करते. उद्या साऱ्या शहराने त्या नावाला मान देणे सोडले, तर मूळ घड्याळ किमान चांगले घड्याळ म्हणून उरेल. प्रतिकृतीचे नाव मात्र निरर्थक होईल. ज्या प्रतिष्ठेचा उपहास केल्याचे सांगितले जाते, तिचा सर्वांत निष्ठावान उपासक नक्कल वापरणाराच ठरतो.

याविरुद्ध एक आक्षेप रास्त आहे. मनगटावरचे घड्याळ म्हणजे विधान नव्हे; कोणी विचारलेच तर छांदिष्ट खरे सांगतो. शिवाय पोशाख, भाषा, पत्ता अशा कितीतरी चिन्हांनी उपनगरातला मध्यमवर्ग आपल्याहून थोड्या वरच्या पायरीची ओळख सुचवीत असतो. त्या सगळ्याला असत्य म्हटले तर सामाजिक जीवनच अशक्य होईल. हे मान्य करावे लागते. म्हणून येथे दोष मोजावयाचा तो बोलण्या-न बोलण्यावरून नव्हे, तर एका साध्या कसोटीने : तबकडीवरचे नाव पुसून टाकले, तर ते घड्याळ त्याला तितकेच प्रिय राहील काय? ही कसोटी काल्पनिक नाही. नाव नसलेल्या तबकड्या मिळतात. मूळच्या रूपाशी जवळीक ठेवून स्वतःच्या नावाने निघणारी घड्याळेही मिळतात. यंत्रावर प्रेम असणाऱ्याला ही वाट खुली असताना जो ती घेत नाही, त्याच्या प्रेमाचा काही हिस्सा यंत्राबाहेर आहे असे म्हणावे लागते. तो हिस्सा किती, हे दुसऱ्याला सांगता येणार नाही. त्याला स्वतःला मात्र ते टाळता येणार नाही.

एवढे सारे म्हटल्यावरही त्याच्या रविवारच्या दुपारीचे मूल्य शून्य होत नाही. निगा राखणे ही स्वतंत्र नैतिक कृती आहे, आणि ती वस्तूच्या कुळावर अवलंबून नसते. घड्याळजी दुरुस्तीनंतर झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने बारीकशी खूण, तारीख कोरतात. प्रतिकृतीच्या झाकणात अशा खुणा साठत गेल्या, की तिच्यात एक विलक्षण दृश्य तयार होते : दर्शनी तबकडीवरचे लेखन खोटे आणि कोणाला न दिसणाऱ्या आतल्या बाजूचे लेखन खरे. घडविणारा हात लपविला गेला आहे, पण सांभाळणारा हात तेथे अस्सलपणे नोंदला गेला आहे.

मात्र झाकण बंद असते, आणि माणूस मर्त्य असतो. छांदिष्टाचा सारा बचाव ‘मला ठाऊक आहे’ या एका ज्ञानावर उभा आहे. ते ज्ञान वस्तूत नसून त्याच्या डोक्यात आहे. तो गेल्यावर घड्याळ मुलाच्या वा नातवाच्या हाती जाते आणि तबकडी बोलतच राहते. मुंबईत जुन्या घड्याळांच्या तबकड्या नव्याने रंगवून, निरनिराळ्या घड्याळांचे भाग एकत्र बसवून ती विकण्याचा धंदा इतका चालला, की परदेशी संग्राहकांत ‘मुंबई स्पेशल’ हे अशा घड्याळांचे हिणवणारे नाव पडले. अशा वस्तूचा पहिला मालक सर्व जाणत असेलही; तिसऱ्या मालकापाशी ते ज्ञान पोचत नाही. मूक असत्य जाणकाराच्या हयातीत निद्रिस्त असते, आणि त्याच्या पश्चात जागे होते. बापाच्या आठवणीने घड्याळ बांधणारा मुलगा एक दिवस ते दुकानात दाखवितो आणि तेथे त्याला घड्याळाची किंमत कळते. पण त्याहून आधी बापाविषयी एक प्रश्न पडतो, आणि त्याचे उत्तर द्यावयास बाप नसतो.

दफ्तरातल्या कारकुनाने हा प्रश्न फार पूर्वी सोडविला होता. प्रत उतरवून झाली, की तिच्या माथ्यावर तो ‘नक्कल’ असे लिहीत असे. त्या एका शब्दाने कागदाचे मोल घटत नसे. उलट ज्याच्या हाती तो पडेल त्याला त्याच्यावर विसंबता येत असे. झाकणाच्या आत, दुरुस्तीच्या खुणांशेजारी, तेवढ्या एका शब्दाला पुरेशी जागा असते.