पिवळी पावडर आणि पहिले चार महिने

राहुरी, पारनेर, नेवासा या पट्ट्यात कांद्यावर करपा दिसू लागला की दुकानातून हमखास येते ती मॅन्कोझेबची पुडी. शेतकऱ्यांच्या तोंडी ती 'एम-45'. पिवळसर पावडर आधी बादलीत थोड्या पाण्यात काठीने कालवायची, मग टाकीत ओतायची, वरून स्टिकर. फवारणारा बहुधा गडी असतो. पाणी आणून देणारी, बादली विसळणारी, फवारलेल्या वाफ्यात खुरपायला बसणारी आणि पिवळे डाग पडलेले कपडे धुणारी मात्र बाई असते. तिला दिवस गेलेले असतील तर ते सुरुवातीचे काही आठवडे तिचे तिलाही ठाऊक नसते, आणि धोका नेमका तेव्हाच असतो.

मॅन्कोझेबपासून शरीरात इथिलीन थायोयुरिया, म्हणजे ईटीयू, तयार होतो. थायरॉइड ग्रंथी ज्या विकराच्या मदतीने संप्रेरक बनवते, त्यालाच तो अडवतो. गर्भाची स्वतःची ग्रंथी पुरेसे काम करू लागते ती साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यात. तोवर मेंदूची घडण चालते ती आईकडून येणाऱ्या थायरॉक्सिनवर. गरोदरपणी थायरॉइडची कमतरता असूनही उपचार न मिळालेल्या मातांच्या मुलांचा बुद्ध्यंक सात ते नऊ या वयात सरासरी 7 गुणांनी कमी भरला, असे अमेरिकेतल्या 1999च्या एका अभ्यासात आढळले. त्या स्त्रियांची कमतरता कीटकनाशकांमुळे नव्हती, हे खरे. पण संप्रेरक कशामुळे कमी झाले, हे गर्भाच्या मेंदूला कळत नाही.

आईची थायरॉइड आणि मुलाची वाढ यांचे हे नाते आपल्या देशाला नवे नाही. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956पासून कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग केला आणि पुढे ते मीठ घरोघर पोचले. आईच्या थायरॉइडसाठी चिमूटभर मिठाची काळजी घेणारे सरकार त्याच थायरॉइडला अडवणाऱ्या औषधाच्या बाबतीत गर्भवतीच्या रक्ताकडे बघत नाही. ही विसंगती मला अस्वस्थ करते.

मग एखादे औषध गर्भाच्या मेंदूला बाधते का, याच्या चाचण्या कशा होतात? गाभण उंदरीला औषध द्यायचे, पिल्लांचे वर्तन, शिकणे आणि मेंदूची मापे तपासायची, अशी पद्धत आहे. ती महाग आणि वेळखाऊ असल्याने फार थोड्या रसायनांची अशी तपासणी झाली आहे. शिवाय माणसाच्या गर्भात शेवटच्या महिन्यांत होणारी मेंदूची बरीचशी वाढ उंदरात जन्मानंतर होते. तेव्हा पिल्लाला औषध पोचते ते दुधातून, आणि दुधातून नेमके किती पोचले हे मोजले नसेल तर निकाल फसवा ठरतो. आता माणसाच्या पेशींवर चेतापेशींची वाढ, स्थलांतर, जोडण्या पाहणाऱ्या चाचण्यांचा संच तयार झाला आहे. पण बशीतल्या पेशींना आईची थायरॉइड ग्रंथी नसते. म्हणून त्याही एकट्या पुरेशा नाहीत.

त्याहून मोठी अडचण विश्वासाची आहे. हुमणी आणि वाळवीसाठी आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या क्लोरपायरीफॉसची चाचणी उत्पादकाच्या पैशाने झाली होती. अक्सेल मी, क्रिस्टिना रुदेन आणि फिलिप ग्रांजाँ यांनी 2018मध्ये तिचे आकडे पुन्हा तपासले, तेव्हा सर्वांत कमी मात्रेतही पिल्लांच्या लहान मेंदूवर परिणाम दिसला. कंपनीच्या निष्कर्षात तो उतरला नव्हता. 2020मध्ये युरोपने क्लोरपायरीफॉसची परवानगी संपवली. त्याच वर्षाच्या शेवटी मॅन्कोझेबचीही परवानगी न वाढवण्याचा निर्णय झाला, आणि संप्रेरकांत ढवळाढवळ हे त्याचे एक कारण होते.

भारताने 2020मध्ये 27 कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला. त्यात ही दोन्ही होती. 2023च्या आदेशात मॅन्कोझेबचा वापर पेरू, ज्वारी आणि टॅपिओका एवढ्यांपुरता काढून टाकला. म्हणजे राहात्याच्या पेरूवर ते नको, शेजारच्या तालुक्यातल्या कांद्यावर चालेल. खुरपणाऱ्या बाईच्या हाताला हा फरक कसा कळणार?

उद्या सरसकट बंदी घाला, असे मी म्हणणार नाही. मॅन्कोझेब स्वस्त आहे, बुरशीवर अनेक बाजूंनी घाला घालत असल्याने त्याला बुरशी सहजासहजी सरावत नाही, आणि पावसाळी हवेत करपा आठवड्याभरात प्लॉट बसवतो. पर्याय हाताशी नसताना घातलेल्या बंदीचा भार शेतकऱ्याच्याच डोक्यावर येईल. पण न मोजता चालू ठेवणे हाही एक निर्णयच आहे, आणि त्याची किंमत ज्या मुलाने मोजायची त्याला कुणी विचारलेले नाही. 2017मध्ये यवतमाळमध्ये फवारणी करताना शेतकरी-मजूर दगावले, तेव्हा सरकार हलले, कारण मृतदेह समोर होते. मुलाचे चार-पाच गुण कमी पडले तर पंचनामा होत नाही. शाळेत त्याला 'मठ्ठ' म्हणतात, एवढेच.

कोस्टा रिकात मॅन्कोझेबची विमानातून फवारणी होणाऱ्या केळीबागांजवळच्या गर्भवतींच्या लघवीत ईटीयू मोजला गेला. इतर देशांतल्या सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत तो सुमारे पाचपट निघाला. आपल्या जिल्ह्यात हे अशक्य नाही. राहुरीला कृषी विद्यापीठ आहे, लोणीला वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आहे, आणि पहिल्या बारा आठवड्यांत गर्भवतीची नोंद व्हावी म्हणून आशाताई घरोघर फिरतातच. त्या नोंदणीच्या वेळी, फवारणीच्या हंगामात आणि हंगामाबाहेर, लघवीतला ईटीयू आणि रक्तातले थायरॉक्सिन तपासावे, घरात कोणते औषध केव्हा फवारले ते लिहून घ्यावे आणि जन्मलेल्या मुलांच्या वाढीची शाळेत जाईपर्यंत नोंद ठेवावी. खर्च सरकारने करावा, औषध कंपनीने नव्हे. आकडे पूर्ण खुले असावेत, आणि प्रत्येक बाईला तिचा निकाल तिच्या भाषेत, आधी मिळावा.