खाटेवरचे लेकरू



कफर्णहूमच्या पक्षघाती माणसाला चौघांनी खाटेसकट उचलून आणले. दारात गर्दी होती, तर छप्पर उघडून त्याला प्रभू येशूसमोर खाली सोडले.

आपल्या गोंदिया जिल्ह्यात रोवणीच्या दिवसांत आईबाप बांधीत जातात. ज्या लेकराला बसता-बोलता येत नाही, ते दिवसभर खाटेवरच राहते. ‘त्याला शिकवून काय उपयोग?’ असे आपण सहज म्हणतो. पण घास स्वतः तोंडात घालणे, मान हलवून हो-नाही सांगणे, तहान लागली हे खुणेने कळवणे, हेही शिक्षणच! धीर मात्र फार लागतो.

शिक्षण हक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र अपंगत्व व बहुविकलांगता असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय दिला. पर्याय म्हणजे सक्ती नव्हे. आणि घरी शिकवणे म्हणजे घरात लपवणे तर मुळीच नव्हे. आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गाच्या यादीत तरी अशी किती नावे आहेत? आपणच चुकलो आहोत.

आज मिस्सानंतर थोडे थांबू या. आपापल्या वस्तीत असे लेकरू कोणत्या घरी आहे ते सांगू या, आणि त्याच्या आईसोबत जवळच्या शाळेत मुख्याध्यापकांकडे कोण जाईल, तेही ठरवू या.